पुरवणी मागण्यांसोबत तुटीचाही हिशेब मांडा : विधानमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

राज्याच्या अर्थसंकल्पातील तुटीबद्दल सभागृहात, वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर जी चर्चा चालते, ती मी अनेक वर्षे लक्षपूर्वक ऐकत आणि वाचत आलो आहे. शासनाच्या लेखा सेवेत माझी सारी नोकरी गेली आणि त्यातला मोठा काळ कोषागारात देयके तपासण्यात गेला. त्यामुळे सभागृहात मंजूर झालेला आकडा तालुक्याच्या गावापर्यंत कोणत्या रूपात पोहोचतो आणि किती वेळा पोहोचतच नाही, हे मी जवळून पाहिले आहे. हे पत्र कोणत्याही एका पक्षाला उद्देशून नाही. आपल्यापैकी जे आज सत्तेत आहेत त्यांतले अनेकजण कधी विरोधी बाकांवर होते आणि जे आज विरोधात आहेत त्यांतल्या अनेकांनी कधी ना कधी खाती सांभाळली आहेत, म्हणून जे सांगायचे ते उभय बाजूंना एकाच शब्दांत सांगतो आहे.

माझे म्हणणे असे आहे की, तुटीची चर्चा आपण मार्च महिन्यात करता, पण तूट खऱ्या अर्थाने ठरते ती जुलै आणि डिसेंबरमध्ये, पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर आणलेल्या जादा खर्चाच्या मागण्या, मंजूर होतात तेव्हा. त्या वेळी मात्र तुटीचा शब्दही कुणाच्या तोंडी फारसा येत नाही.

१० मार्च २०२५ रोजी सादर झालेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प उदाहरणादाखल घेऊ. एकूण खर्च ७ लाख २० कोटी रुपये, महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. वर्षअखेर राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज त्यातच दिला होता. यावर विरोधी पक्षांनी राज्य कर्जबाजारी झाल्याचे सांगितले, आणि राजकोषीय तूट स्थूल राज्य उत्पन्नाच्या (राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या मूल्याच्या) २.७६ टक्के, म्हणजे तीन टक्क्यांच्या मर्यादेच्या आत आहे, असे उत्तर सरकारने दिले. दोन्ही विधाने आपापल्या जागी आकड्यांना धरून होती आणि तरीही त्या चर्चेतून नागरिकाच्या हाती काही लागले नाही, कारण दोन्ही बाजू दोन वेगळ्या आकड्यांबद्दल बोलत होत्या.

राजकोषीय तूट म्हणजे वर्षभरात सरकारला जे कर्ज उभारावे लागणार ते. ते कर्ज धरण, रस्ता, रुग्णालयाची इमारत यांसाठी असेल, तर पुढच्या पिढीला कर्जासोबत मालमत्ताही मिळते आणि त्यात गैर काही नाही. महसुली तूट ही निराळी गोष्ट आहे. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने, सवलती असा रोजचा खर्च रोजच्या उत्पन्नातून भागत नाही, तेव्हा ती निर्माण होते. २०२५-२६ च्या अंदाजात ४५,८९१ कोटींची महसुली तूट १ लाख ३६ हजार कोटींच्या राजकोषीय तुटीच्या पोटात आहे. म्हणजे उभारायच्या कर्जातला साधारण दर तिसरा रुपया चालू खर्चासाठी जाणार, हे अर्थसंकल्प मांडला त्याच दिवशी ठरलेले होते. तीन टक्क्यांची मर्यादा पाळली गेली, या उत्तरात हा तिसरा रुपया दिसत नाही. २००५ चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा याच विधानमंडळाने केला आणि महसुली तुटीवर नियंत्रण हा त्या कायद्याच्या मुळाशी असलेला विचार होता. आज त्या कायद्याचा उल्लेख होतो तो जवळजवळ नेहमी राजकोषीय तुटीच्या टक्केवारीपुरता.

हे झाले मार्चमधल्या आकड्यांबद्दल. माझी खरी चिंता त्यानंतरच्या महिन्यांची आहे.

२०२४-२५ हे वर्ष पाहा. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात महसुली तूट ९,७३४ कोटी दाखवली होती. २८ जून २०२४ रोजी त्याच वर्षाचा पूर्ण अर्थसंकल्प मांडला गेला, तेव्हा ती २०,०५१ कोटी झाली. त्याच पावसाळी अधिवेशनात, अर्थसंकल्पावरची शाई वाळण्याआधीच, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मार्च २०२५ मध्ये त्या वर्षाचा सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष संपत आल्यावर नव्याने मांडलेला हिशेब, आला, तेव्हा महसुली तूट साडेसव्वीस हजार कोटींच्या घरात गेलेली होती. एकाच वर्षाच्या या तीन तुटींपैकी सविस्तर चर्चा पहिल्या दोन आकड्यांवर झाली. तिसरा आकडा आला तोवर सगळ्यांचे लक्ष पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाकडे लागले होते आणि सुधारित अंदाजाच्या स्तंभाकडे पाहायला कुणाला सवड राहिली नव्हती.

आता पुन्हा २०२५-२६ कडे येतो. जुलै २०२५ मध्ये ५७,५०९ कोटींच्या आणि डिसेंबरमध्ये नागपूरला ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. या दोन रकमांची बेरीज करून तेवढीच तूट वाढली असे म्हणणे चूक ठरेल, आणि अशी चूक काही भाषणांतून झालेली मी ऐकली आहे. पुरवणी मागणीत केंद्राकडून मिळणाऱ्या निधीची केवळ नोंद असते, एका लेखाशीर्षातून (हिशेबातल्या खर्चाच्या एका सदरातून) दुसऱ्याकडे वळवलेली रक्कम असते, स्थानिक संस्थांना वाटून द्यायचा पैसाही असतो. म्हणून अशा रकमा वगळून तिजोरीवर खरोखर पडणारा निव्वळ भार वित्त विभाग वेगळा सांगतो. जुलैच्या मागण्यांचा निव्वळ भार सुमारे ४०,६४५ कोटी होता, डिसेंबरच्या मागण्यांचा सुमारे ६४,६०५ कोटी. निव्वळ भाराची ही बेरीज १ लाख ५ हजार कोटींच्या वर जाते.

इथे मी आपल्याला थोडे थांबायची विनंती करतो. मार्चमध्ये दाखवलेल्या राजकोषीय तुटीत हा सगळा निव्वळ भार तसाच मिळवला, तर तूट २ लाख ४१ हजार कोटींच्या आसपास जाते आणि तिचे प्रमाण राज्य उत्पन्नाच्या पाच टक्क्यांना टेकते. असे प्रत्यक्षात घडणार नाही, हे मला ठाऊक आहे. एवढे कर्ज काढण्याची मुभा राज्याला नाही. राज्यघटनेच्या कलम २९३ नुसार, केंद्राचे कर्ज थकीत असलेल्या राज्याला नवे कर्ज उभारण्यासाठी केंद्राची संमती लागते आणि ती मर्यादेतच मिळते. मग जर पैसा कर्जातून येणार नसेल, तर तो दोनच मार्गांनी येऊ शकतो : एक तर जमा अपेक्षेपेक्षा तेवढी वाढली पाहिजे, किंवा मार्चमध्ये मंजूर केलेल्या खर्चातून तेवढी कपात झाली पाहिजे. अंदाजापेक्षा एक लाख कोटींनी जास्त जमा एका वर्षात होत नसते. म्हणजे उरली कपात. ती कपात कोणत्या विभागाच्या, कोणत्या योजनेच्या, कोणत्या जिल्ह्याच्या वाट्याला आली, हे पुरवणी मागण्या मंजूर करताना आपल्यापैकी कुणी विचारले का? आणि विचारले असल्यास त्याचे उत्तर लेखी मिळाले का?

कपात कशी होते हे मी कोषागाराच्या खिडकीआड बसून पाहिलेले आहे. अर्थसंकल्पात तरतूद शंभर रुपयांची असते. बीम्स या शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी वितरित होताना त्यातले साठ-सत्तर येतात. वर्षाच्या मध्यावर वित्त विभागाचे परिपत्रक निघते आणि उरलेल्यावर टक्केवारीने मर्यादा पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक काही निधी सुटतो आणि ३१ मार्चच्या रात्री कार्यालयांच्या दारात देयकांचे गठ्ठे घेऊन माणसे उभी राहतात. जे देयक त्या रात्री पारित झाले ते त्या वर्षाच्या खर्चात धरले जाते आणि जे राहिले ते पुढच्या वर्षाच्या तरतुदीवर बसते. अशाच एका रात्री एका लहान ठेकेदाराचे, काम पूर्ण झालेल्या शाळाखोल्यांचे देयक निधीअभावी मला परत करावे लागले होते. कागदपत्रांत खोट नव्हती, मोजमापे बरोबर होती, तरतूदही अर्थसंकल्पात होती, फक्त वितरण झालेले नव्हते. त्या माणसाला मी काय सांगणार? त्याने उसनवारी करून मजुरी भागवलेली होती आणि माझ्या हातात शेरा लिहून कागद परत करण्यापलीकडे काही नव्हते. ती रात्र मी अजून विसरलेलो नाही.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, राज्याचे लेखे रोखीच्या तत्त्वावर ठेवले जातात. पैसा प्रत्यक्ष गेला तरच खर्च झाला असे धरतात. न दिलेले देयक तुटीत मोजले जात नाही. म्हणून वर्षअखेर तूट मर्यादेत राहिली असे जेव्हा अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा त्या आकड्यामागे किती रुपयांची देयके थांबून राहिली आहेत हे विचारल्याशिवाय तो आकडा पुरा होत नाही. २०२५ मध्ये ठेकेदारांच्या संघटनांनी थकीत देयकांसाठी राज्यभर आंदोलने केली. त्यांनी सांगितलेली रक्कम खरी की शासनाची खरी, या वादात मी पडत नाही. शासनाने स्वतःच दर तिमाहीला विभागवार प्रलंबित दायित्वांचा तक्ता सभागृहासमोर ठेवला, तर तो वाद उरणारच नाही. ही थकबाकीही कर्जच आहे. ते बँकेकडून न घेता गावोगावच्या माणसांकडून त्यांना न विचारता घेतलेले आहे, आणि त्यावर शासन व्याजही देत नाही.

पुरवणी मागणी ही वाईटच गोष्ट आहे, असे कृपया समजू नये. कलम २०५ ने तिला घटनात्मक स्थान दिले आहे ते अनपेक्षित गरजेसाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते खरवडून नेली, जनावरे वाहून गेली, आणि ऑक्टोबरमध्ये शासनाने ३१,६२८ कोटींचे मदत पॅकेज जाहीर केले. असा खर्च मार्चमध्ये कुणाला दिसणार नव्हता. अशा मदतीसाठी डिसेंबरमध्ये मागणी आणावी लागली तर तिला कोणताही शहाणा माणूस आक्षेप घेणार नाही. परंतु जो खर्च करायचा हे आधीच ठरलेले असते, ज्याची घोषणाही झालेली असते, त्याच्यासाठीही पुरवणी मागणीचाच रस्ता धरला जातो तेव्हा अर्थसंकल्पाला अर्थ राहत नाही. महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्तविषयक अहवालांत, मूळ तरतूदही पूर्ण खर्च झालेली नसताना पुरवणी मागणी घेतली गेल्याची उदाहरणे वारंवार नोंदवली आहेत. हे अहवाल अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात, आणि मग ते तपासणाऱ्या विधानमंडळाच्या लोकलेखा समितीच्या फायलींत जातात.

जमेची बाजूही आता अर्थसंकल्पाबाहेरच हलते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि त्याचे दर ठरवण्याचा अधिकार केंद्र व राज्यांच्या संयुक्त जीएसटी परिषदेकडे गेला. त्यामुळे बुडणाऱ्या महसुलाच्या भरपाईची राज्यांना दिलेली पाच वर्षांची हमी जून २०२२ मध्ये संपली. राज्याच्या हाती राहिले ते इंधनावरील मूल्यवर्धित कर, मद्यावरील उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर असे मोजके मार्ग. त्यांपैकी मद्यावरील शुल्कात मोठी वाढ मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये केली आणि त्यातून १४ हजार कोटींचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगितले. निर्णय योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. तीन महिन्यांपूर्वी मांडलेल्या अर्थसंकल्पात त्याचा मागमूस नव्हता, याचे मला वाईट वाटते. जमा आणि खर्च दोन्हीही वर्षाच्या मध्ये बदलत असतील, तर मार्चमधल्या तुटीवर आपण दिवसच्या दिवस चर्चा कशासाठी करतो?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. महिन्याला १,५०० रुपये ही रक्कम राबणाऱ्या बाईच्या हाती थेट पडते, ती औषधाला, मुलांच्या वह्या-पुस्तकांना, उधारी फेडायला उपयोगी येते, आणि म्हणून या योजनेला ‘रेवडी’ म्हणून हिणवणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. माझा आक्षेप पैसा कोणत्या मार्गाने उभा केला याला आहे. जून २०२४ मध्ये वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला गेला. त्यासाठी कोणताही नवा कर, कोणतीही जाहीर कपात सांगितली गेली नाही. जुलैच्या पुरवणी मागण्यांत २५ हजार कोटी आले. पुढच्या वर्षासाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. आणि २०२५ मध्ये सामाजिक न्याय व आदिवासी विकास विभागांसाठी असलेल्या निधीतील काही रक्कम या योजनेकडे वळवली गेल्याबद्दल खुद्द मंत्रिमंडळातील एका मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. एका गरीब बाईला दिलेले पैसे दुसऱ्या गरीब बाईच्या मुलाच्या वसतिगृहातून आले असतील, तर ते दोघींनाही आधी सांगायला हवे होते. निदान आपल्याला तरी सांगायला हवे होते, कारण तरतुदींना मंजुरी सभागृहातच मिळते.

हे सांगण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. रोजगार हमी योजना आठवा. विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांच्या विचारातून ती योजना उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात तिचे मोल सगळ्यांना कळले आणि १९७७ मध्ये याच विधानमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले. पण त्याआधी, १९७५ मध्ये, व्यवसाय कराचा कायदा झाला होता आणि त्या कराचा पैसा रोजगार हमीसाठी, असे त्यात उघड म्हटले होते. मोटार वाहने, विक्रीकर, बागायत जमीन यांवरही जादा आकारणी झाली आणि जेवढे त्यातून येईल तेवढीच भर शासनाने आपल्याकडून घालायची, असा नियम ठरला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेले पैसे दुष्काळी तालुक्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत जाणार, हे दोघांनाही ठाऊक होते. आजही माझ्यासारख्यांच्या मुलांच्या वेतनचिठ्ठीवर महिन्याला दोनशे रुपयांची ती कपात दिसते, फक्त ती कशासाठी सुरू झाली हे नव्या पिढीला कुणी सांगत नाही. योजना आणि तिचा पैसा यांची गाठ त्या वेळच्या सदस्यांनी एकत्र बांधली. तेव्हाचे राज्य आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होते.

चर्चेच्या भाषेबद्दलही एक-दोन गोष्टी. एकूण कर्जाला लोकसंख्येने भागून ‘प्रत्येकाच्या डोक्यावर इतके हजार’ असे सांगण्याची रीत आता सर्वच पक्षांत रूढ झाली आहे. ती ऐकणाऱ्याला घाबरवते, समजावून काही देत नाही. राज्याला एका दिवशी सगळे कर्ज फेडायचे नसते. ते रिझर्व्ह बँकेमार्फत रोखे विकून कर्ज उभारते, जुने फेडते, नवे घेते. विचारायचे ते हे की, दरवर्षीच्या महसुली जमेतला किती हिस्सा व्याजात जातो आणि तो वाढतो आहे की घटतो आहे. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तिन्हींवर मिळून महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग आधीच बांधलेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नव्या घोषणेला जागा किती उरते याचा अंदाज येतो. दुसऱ्या बाजूने, ‘देशात सर्वात मोठी अर्थव्यवस्था आपली, म्हणून काळजीचे कारण नाही’ हे उत्तरही पुरेसे नाही. राज्य उत्पन्न म्हणजे सरकारची तिजोरी नव्हे. मुंबई-पुण्यात निर्माण होणाऱ्या संपत्तीतून तिजोरीत किती येते, ते कर किती आणि कसा वसूल होतो त्यावर ठरते.

माझी मागणी मोठी नाही. येत्या अधिवेशनापासून जेव्हा जेव्हा पुरवणी मागण्या मांडल्या जातील, तेव्हा त्यांच्यासोबत एक पानाचे विवरण सक्तीने जोडले जावे, असा ठराव आपण उभय सभागृहांत करावा. त्या पानावर मागण्यांचा निव्वळ भार किती, तो भागवण्यासाठी कोणत्या लेखाशीर्षातून किती कपात होणार किंवा कोणती जमा किती वाढणार, आणि हे सारे धरून त्या दिवशीची महसुली व राजकोषीय तूट किती, एवढे असावे. त्याच पानाच्या तळाशी विभागवार प्रलंबित देयकांची रक्कम असावी. ही माहिती तयार करायला नवा विभाग किंवा नवी समिती लागणार नाही. वितरणाचा प्रत्येक रुपया बीम्सवर नोंदलेला आहे आणि राज्याच्या जमाखर्चाचे मासिक आकडे महालेखापरीक्षक दरमहा प्रसिद्ध करतात. देशातील काही राज्यांच्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यांत पुरवणी मागण्यांसोबत असे भरपाईचे विवरण देण्याचे बंधन लिहिलेले आहे, तेव्हा हे अव्यवहार्य आहे असे म्हणता येणार नाही.

दुसरी विनंती अशी की, पुरवणी मागण्या एक-दोन दिवसांत गोंगाटात मंजूर करण्याची प्रथा थांबवावी. पन्नास हजार कोटींच्या वरच्या मागण्या असतील, तर त्या आधी अंदाज समितीकडे किंवा विषयवार समितीकडे आठवडाभरासाठी तरी जाव्यात. विरोधी पक्षांच्या सदस्यांना विशेष सांगायचे आहे. सभात्याग केल्याने मागणी थांबत नाही, ती चर्चेशिवाय मंजूर होते, आणि तिचे प्रश्न विचारले न जाता राहतात. आपल्या मतदारसंघातल्या कोणत्या मंजूर कामाचा निधी या वर्षी कापला गेला, हा साधा प्रश्न आपल्यातल्या प्रत्येकाने आकड्यासह विचारला, तर तुटीची चर्चा आपोआप जमिनीवर येईल. सत्ताधारी सदस्यांनीही तो विचारावा, कारण कपात करताना वित्त विभाग पक्ष पाहत नाही, निदान परिपत्रकात तरी तसे लिहिलेले नसते.

या पत्रातील एखाद्या आकड्याबद्दल किंवा विधानाबद्दल वित्त विभागाला वेगळे म्हणायचे असेल, तर ते सभागृहातच सांगितले जावे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा मार्चमधला स्तंभ आणि सुधारित अंदाजाचा स्तंभ शेजारी शेजारी ठेवून, एक लाख कोटींचा तो भार कुठून भागवला, हे आपण विचारावे.

कळावे,
आपला विश्वासू,
शासनाच्या लेखा सेवेतून निवृत्त झालेला एक नागरिक